छायाचित्रातली भामिनी

जुन्या छायाचित्रांचे वेड सध्या सगळ्यांनाच लागले आहे. महाविद्यालयात पारंपरिक दिन आला की आम्ही मुली नऊवारी नेसतो, नाकात नथ अडकवतो, अंबाड्यावर गजरा माळतो आणि मोबाइलवर काढलेला फोटो मुद्दाम पिवळट-तपकिरी करून घेतो. तो शंभर वर्षांपूर्वीचा दिसला पाहिजे ना! मान किंचित कलती, नजर जराशी बाजूला, एक हात खुर्चीच्या पाठीवर. उभे राहण्याची ही तऱ्हा आम्हांला कोणी शिकविली, असा प्रश्न आमच्यापैकी कोणाच्याही मनात आलेला नव्हता. या वर्षी मराठीच्या तासाला सरांनी संगीत नाटकांच्या काळातील काही छायाचित्रे दाखविली. त्यांतील एका स्त्रीच्या चेहऱ्यावरून आमची नजर हलेना. साडी अशी नेसावी, बसावे तर असे, असे आम्ही आपसांत कुजबुजू लागलो. ती ‘मानापमान’ नाटकातील भामिनी होती. आणि भामिनीच्या वेषात होते नारायण श्रीपाद राजहंस, म्हणजेच बालगंधर्व.

त्या दिवसापासून या माणसाच्या आयुष्याने मला पछाडले. ग्रंथालयातील पुस्तके चाळली, २०११ साली निघालेला ‘बालगंधर्व’ हा चित्रपट पाहिला. गाण्यातले मला काही कळत नाही. आमच्या घरात गाणे म्हणजे काकड आरती आणि जात्यावरच्या ओव्या, एवढेच. तेव्हा बालगंधर्वांच्या गायकीवर जाणकारांनी लिहावे. मी त्यांच्या पदराबद्दल लिहिणार आहे.

नारायणरावांचा जन्म २६ जून १८८८ चा. लहानपणीच त्यांचा गळा लोकांच्या कानी पडला आणि लोकमान्य टिळकांनी कौतुकाने दिलेले ‘बालगंधर्व’ हे नाव त्यांना जन्मभर चिकटले. त्या काळी कुलीन घरातील स्त्रीने रंगभूमीवर पाऊल ठेवणे म्हणजे घराण्याला काळिमा! म्हणून नाटकातील शकुंतला, सुभद्रा या पुरुषच होत असत. किर्लोस्कर नाटक मंडळीत भाऊराव कोल्हटकरांनी स्त्रीभूमिका गाजविल्या होत्या. १९०१ मध्ये भाऊराव वारले आणि मंडळींना पोरके वाटू लागले. चार वर्षांनी, १९०५ मध्ये, कोल्हापूरच्या शाहू महाराजांच्या शब्दाने नारायण राजहंस हा सतरा वर्षांचा मुलगा किर्लोस्कर मंडळीत दाखल झाला आणि शकुंतला म्हणून प्रेक्षकांसमोर उभा राहिला. पुढची तीस-बत्तीस वर्षे मराठी प्रेक्षकाची नायिका तीच.

या माणसाची खरी परीक्षा झाली ती १२ मार्च १९११ रोजी. मुंबईत खाडिलकरांच्या ‘मानापमान’चा पहिला प्रयोग होता आणि त्याच दिवशी नारायणरावांची लहान मुलगी वारली. प्रयोग पुढे ढकलता आला असता. कोणी बोल लावला नसता. पण तिकिटे काढून आलेल्या लोकांना परत पाठवायचे नाही, असे त्यांनी ठरविले. ते रंगले, दागिने घातले, भामिनी झाले आणि गायले. भामिनी ही श्रीमंत बापाची गर्विष्ठ लेक. धैर्यधर गरीब म्हणून ती त्याला झिडकारते. असली दिमाखदार भूमिका त्या रात्री त्यांनी कशी केली असेल! काही जण याला कर्तव्यनिष्ठा म्हणतात. मला मात्र प्रत्येक वेळी घरी बसलेल्या त्या आईची आठवण येते. लक्ष्मीबाईंचे नाव या प्रसंगात क्वचितच कोणी घेते.

१९१३ मध्ये गोविंदराव टेंबे आणि गणपतराव बोडस यांच्यासह त्यांनी गंधर्व नाटक मंडळी स्थापन केली आणि तेथून वेषभूषेचे खरे पर्व सुरू झाले. रंगमंचावर सगळे अस्सल हवे, हा नारायणरावांचा हट्ट. शालू खरा, पैठणी खरी, गालिचे खरे, अत्तरसुद्धा खरे. १९१६ च्या ‘स्वयंवर’मधली त्यांची रुक्मिणी पाहायला बायका येत आणि घरी जाऊन आरशासमोर उभ्या राहत, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही. नऊवारीच्या निऱ्या कशा घ्याव्यात, पदर कसा सोडावा, अंबाडा कोठे बांधावा, त्यावर फुले किती माळावीत, चालताना मान किती लववावी, हे सारे पुण्या-मुंबईच्या सुखवस्तू घरांतून उचलले गेले. स्त्रीवेषात ते एका हळदीकुंकवाला जाऊन बसले आणि कोणालाही संशय आला नाही, अशी आख्यायिकाही सांगतात.

आता यात एक गंमत आहे. बायकांना लोकांत मोकळेपणाने वावरण्याची मुभा नव्हती. म्हणून पुरुष बाई झाला. तो बायकांना पाहून शिकला आणि मग बायका त्याला पाहून शिकल्या. त्याच्याआधी रविवर्म्याने चित्रांतून हेच केले होते. १८९४ मध्ये निघालेल्या त्याच्या छापखान्यातून नऊवारीतल्या लक्ष्मी-सरस्वती घराघरांत गेल्या आणि देवीसुद्धा आपल्यासारखेच नेसते, असे बायकांना वाटू लागले. पण चित्र हलत नाही. बालगंधर्वांचा पदर हलत होता.

त्या काळातील छायाचित्रांविषयी एक गोष्ट मला वाचनात सापडली आणि तेव्हापासून ती छायाचित्रे मी वेगळ्या नजरेने पाहते. त्या वेळच्या बहुतेक काचांवरील रसायनाला तांबडा रंग दिसतच नसे. म्हणून लाल शालू छायाचित्रात काळा येई आणि कपाळावरचे कुंकूही काळे पडे. ज्या लाल-केशरी झगमगाटासाठी प्रेक्षक जीव टाकत, नेमका तोच त्यात उतरलेला नाही. आणि आपण मात्र त्या करड्या-तपकिरी छटेलाच जुना काळ समजून तिच्या प्रेमात पडतो!

येथे थोडे घरचे सांगितले पाहिजे. आमचे गाव इंदापूर तालुक्यात. निमगाव केतकी, अंथुर्णे, लासुर्णे, भवानीनगर असे करीत येणाऱ्या एस. टी.ने मी रोज बारामतीला येते. आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढणारी मी पहिलीच. मानापमानाच्या नादात मी घरातील जुनी छायाचित्रे शोधायला ट्रंक उघडली. पणजीचे एकच छायाचित्र निघाले, तेही मतदार ओळखपत्रावरचे. त्याआधीच्या कोणत्याही बाईचे एकही नाही. पणजी लुगडे नेसत असे, नऊवारी हा शब्द तिच्या तोंडी नव्हता. कासोटा घट्ट मारलेला, पदर कमरेला खोचलेला, कारण बांधावर पाटाचे पाणी धरायचे आणि चिखलात उतरायचे. आजीला मी बालगंधर्वांचे छायाचित्र दाखविले. हा पुरुष आहे याचे तिला काडीचेही नवल वाटले नाही. तमाशातला नाच्या तिने पाहिलेला आहे. तिने विचारले एवढेच, की एवढे लांब नेसून बाई खुरपायला कशी बसायची?

आजीच्या या प्रश्नावर मी बरेच दिवस विचार करते आहे. पारंपरिक दिनाला आम्ही जी परंपरा अंगावर घालतो, ती आमच्या पणज्यांची नव्हे. ती शिवलेली, हुक लावलेली नऊवारी थेट गंधर्व मंडळीच्या पेटाऱ्यातून आलेली आहे. म्हणून ती नेसू नये, असे मी म्हणत नाही. मलाही ती आवडते आणि पुढच्या वर्षीही मी नेसणार आहे. कोणाची नेसते आहे, हे ठाऊक असावे, इतकेच.

नारायणरावांच्या साऱ्या भूमिकांत मला जवळची वाटते ती सिंधू. राम गणेश गडकऱ्यांचे ‘एकच प्याला’ १९१९ मध्ये रंगभूमीवर आले. ते पाहायला गडकरी मात्र उरले नव्हते, त्याच वर्षी जानेवारीत ते गेले. दारूपायी धुळीला मिळालेल्या घरातील ही गृहिणी. शालू आणि हिऱ्यामोत्यांसाठी नावाजलेल्या नटाने तिच्यासाठी ठिगळाचे लुगडे नेसले, जाते ओढले, आणि भामिनीवर लुब्ध झालेला प्रेक्षक सिंधूपुढे रडला. दागिने उतरवूनही हा माणूस बाई राहिला. त्याची ताकद कपड्यांत होती असे ज्यांना वाटते, त्यांनी सिंधूकडे पाहावे. आमच्या पणजीचे छायाचित्र कोणी काढले असते तर ते सिंधूच्या जवळपास जाणारे निघाले असते.

८ जुलै १९२१ रोजी टिळक स्वराज्य फंडासाठी मुंबईत ‘संयुक्त मानापमान’ झाले. धैर्यधर केशवराव भोसले, भामिनी बालगंधर्व. दोन प्रतिस्पर्धी कंपन्यांचे मालक एका मंचावर! त्याच वर्षी ऑक्टोबरात केशवराव गेले, म्हणून त्या प्रयोगाची आठवण अधिकच जपली जाते.

पण पेटाऱ्यातील खऱ्या पैठण्यांचे पैसे कोठून यायचे? १९२० च्या ‘द्रौपदी’वर तर पाण्यासारखा खर्च झाला. कंपनीत पंगती उठत, माणसे सांभाळली जात, आणि कर्ज वाढत गेले. हिशेब ही गोष्ट नारायणरावांच्या स्वभावात नव्हती. कर्ज फेडण्यात वर्षे गेली. पण कर्जातही पडदा आणि शालू त्यांनी हलके येऊ दिले नाहीत. आमच्याकडे ऊस लागवडीसाठी सोसायटीचे कर्ज काढतात, त्यामुळे कर्ज म्हणजे काय हे मला ठाऊक आहे. भरजरी साडीसाठी एवढे कर्ज काढणाऱ्याला आमच्या गावात वेडा म्हणाले असते. तरी त्या वेडाचा मला मनापासून राग येत नाही, हेही खरे.

मधल्या काळात जग बदलले. १९१३ मध्ये दादासाहेब फाळक्यांच्या ‘राजा हरिश्चंद्र’मध्ये तारामती झाले होते साळुंके नावाचे गृहस्थ. १९३२ मध्ये ‘अयोध्येचा राजा’ हा बोलपट आला, तेव्हा तारामती झाल्या दुर्गा खोटे. कथा तीच, तारामती तीच, पण या वेळी पदराआड खरीच बाई होती, आणि तीही प्रतिष्ठित घरातली. पुढच्याच वर्षी ‘आंधळ्यांची शाळा’ या नाटकात ज्योत्स्ना भोळे रंगमंचावर आल्या. नारायणराव तेव्हा पंचेचाळिशीत होते, अंगाने स्थूल झाले होते, आणि तरीही तरुण नायिका करीत होते. बाईच्या जागी बाई आली, हे न्यायाचेच झाले. ज्याने वीस-पंचवीस वर्षे ती जागा राखली, त्याच्याजवळ मात्र त्यानंतर उभे राहायला जागा उरली नाही.

१९३५ मध्ये प्रभातच्या ‘धर्मात्मा’त ते संत एकनाथ झाले. पुरुषाच्या वेषातील बालगंधर्व लोकांच्या मनात भरले नाहीत. १९३८ नंतर गोहरबाई कर्नाटकी त्यांच्या नाटकांतील स्त्रीभूमिका करू लागल्या आणि ते पुरुषभूमिकांकडे वळले. पुढे पायांतील शक्ती गेली. चालणेच जिचे पाहावे अशी ज्या नायिकेची ख्याती, ती आता उचलून आणून बसवावी लागे. तरी ते भजने गात राहिले, प्रेक्षकांना मायबाप मानीत राहिले. १९६४ मध्ये पद्मभूषण मिळाले आणि १५ जुलै १९६७ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले.

त्यांच्या नावाचे पुण्यातील रंगमंदिर २६ जून १९६८ रोजी, त्यांच्या जन्मदिवशी, खुले झाले. गोपाळ देऊसकरांनी रंगविलेली त्यांची दोन चित्रे तेथे आहेत, एक स्त्रीवेषातले आणि एक पुरुषवेषातले. गेल्या हिवाळ्यात वक्तृत्व स्पर्धेसाठी पुण्याला गेले असता मी ती पाहून आले. स्त्रीवेषातील चित्रासमोर दोन-तीन मुली उभ्या होत्या. एकीने तसाच पदर घेऊन मैत्रिणीकडून फोटो काढवून घेतला. नारायणरावांपुढे त्या वेळी मी एकटीच होते.