विमानकार डॉ. विष्णु माधव घाटगे

इ. स. 1908 च्या ऑगस्ट महिन्यात विल्बर राइट यांनी फ्रान्समध्ये लोकांसमोर विमान उडवून दाखविले आणि सारे युरोप थक्क झाले. त्याच वर्षी 24 ऑक्टोबर रोजी कोल्हापूर जिल्ह्यातील गडहिंग्लज तालुक्यात, हसूरचंपू या लहानशा गावी, विष्णु माधव घाटगे यांचा जन्म झाला. कोल्हापुरात तेव्हा राजर्षी शाहू महाराजांची कारकीर्द होती. विमान ही वस्तू या भागात कोणी पाहिलीही नव्हती.

देशातील शिक्षण पुरे करून घाटगे जर्मनीतील ग्योटिंगेन विद्यापीठात गेले. तेथे लुडविग प्रान्टल हे विख्यात आचार्य अध्यापन करीत. वाहत्या हवेचा अगदी पातळ थर वस्तूच्या पृष्ठभागाला चिकटून राहतो व त्याच थरात विमानाच्या गतीला होणाऱ्या विरोधाचे मूळ असते, हे प्रान्टल यांनी 1904 मध्ये दाखवून दिले होते. घाटगे तेथे शिकत असताना जर्मनीत हिटलरची सत्ता होती. मॅक्स बोर्न, एमी नोथर यांच्यासारख्या विद्वानांना 1933 मध्ये त्याच विद्यापीठातून दूर करण्यात आले होते. अशा दिवसांत, 1936 साली, घाटगे यांनी प्रान्टल यांच्या मार्गदर्शनाखाली डॉक्टरेट मिळविली.

प्रान्टल यांच्या शाळेतील आणखी एक गोष्ट येथे सांगण्यासारखी आहे. रंकाळ्याच्या पाण्यात संथ चालणारी नाव तुम्ही पाहिली असेल. लाटा तिच्या पुढे धावतात. नाव लाटांहून वेगाने जाऊ लागली, की त्या मागे पडतात व एकमेकींत मिसळून नावेच्या दोन्ही अंगांना तिरपी रेघ उमटते. हवेचेही तसेच आहे. जमिनीलगत ध्वनीचा वेग ताशी सुमारे 1,225 किलोमीटर असतो. विमान त्याहून वेगाने गेले, की दाबाच्या लाटा एकवटून आघाततरंग बनतो, आणि तो जमिनीवर पोहोचताच तोफेसारखा दणका ऐकू येतो. अशा तिरप्या तरंगांचे गणित प्रान्टल यांचे शिष्य थिओडोर मायर यांनी 1908 मध्ये, म्हणजे घाटगे यांच्या जन्मवर्षीच, आपल्या प्रबंधात मांडले होते. त्या वेळी ध्वनीच्या वेगाने जाणारे विमान स्वप्नातही नव्हते!

1940 च्या डिसेंबरात वालचंद हिराचंद यांनी म्हैसूर सरकारच्या साहाय्याने बंगळूरला हिंदुस्थान एअरक्राफ्ट हा कारखाना काढला. घाटगे तेथे रुजू झाले. युद्धाच्या त्या धामधुमीत कारखान्यातील बहुतेक काम परक्या विमानांची जुळणी व दुरुस्ती करण्याचे होते. तरीही घाटगे यांनी दहा आसनांच्या एका ग्लायडरचा आराखडा केला. पुढे भारतीय विज्ञान संस्थेत विमानविद्येचा विभाग सुरू होताच ते तेथे शिकवू लागले. पुस्तकातील विमान आणि कारखान्यातील विमान या दोहोंची ज्याला सारखीच ओळख आहे, असा शिक्षक विरळाच.

1948 मध्ये ते कारखान्यात परतले. हवाई दलाच्या नवशिक्या वैमानिकांसाठी दोन आसनांचे, सर्वस्वी धातूचे विमान भारतात रचावयाचे ठरले होते. त्याचे नाव एच. टी. 2. आज जे काम संगणक क्षणात करतो, ते त्या वेळी सरकपट्टी, लॉगॅरिथमची कोष्टके आणि कागदाची रिमे यांच्या बळावर करावे लागे. पंखाच्या प्रत्येक भागावर किती भार येईल, विमान गिरक्या घेऊ लागल्यास वैमानिक त्यातून सुटेल काय, या प्रश्नांची उत्तरे आकड्यांतूनच काढावयाची होती. आकडा चुकला तर पुसता येतो. पण त्याच आकड्यावर विसंबून उडालेला माणूस परत आणता येत नाही. 1951 च्या ऑगस्टमध्ये कॅप्टन जमशेद मुनशी यांनी ते विमान प्रथम आकाशात नेले व सुखरूप उतरविले. अशी दीडशेहून अधिक विमाने पुढे तयार झाली. काही घाना देशानेही घेतली. हवाई दलाच्या कितीतरी तुकड्या याच विमानावर उडावयास शिकल्या.

त्यानंतर पुष्पक, शेतीच्या नावाने ओळखले जाणारे कृषक आणि 1964 मध्ये उडालेले किरण हे जेट विमान ही घाटगे यांच्या नेतृत्वाखाली झाली. मारुत या लढाऊ विमानाची रचना मात्र कुर्ट टांक या जर्मन अभियंत्याची. 1956 मध्ये ते बंगळूरला आले. मारुतच्या आकाराचा लाकडी ग्लायडर डाकोटा विमानामागे बांधून प्रथम हवेत सोडण्यात आला, आणि 17 जून 1961 रोजी खरे मारुत उडाले. ध्वनीच्या दुप्पट वेगाचा हेतू होता. परंतु तेवढ्या शक्तीचे इंजिन मिळाले नाही व तो हेतू अपुराच राहिला. गणित बरोबर असूनही सामग्री नसली की काय होते, याचे हे शल्य जुन्या अभियंत्यांना बराच काळ बोचत राहिले असावे.

1965 मध्ये भारत सरकारने घाटगे यांना पद्मश्री दिली. 6 डिसेंबर 1991 रोजी त्यांचे निधन झाले. बंगळूरच्या त्या कारखान्याच्या सभागृहाला त्यांचे नाव आहे. ध्वनीहून वेगवान विमानाचा दणका सौम्य कसा करावा, हा प्रश्न आता संगणकावर सोडविला जातो. नाक, पंख व शेपूट यांना असा आकार दिला जातो, की त्यांपासून निघणारे आघाततरंग वाटेत एकवटू नयेत. त्या हिशेबाच्या पायाशी 1908 सालचे मायर यांचे समीकरण अजूनही आहे.