रामचंद्र दत्तात्रेय रानडे

रामचंद्र दत्तात्रेय रानडे ऊर्फ गुरुदेव रानडे (जन्म : जमखंडी, ३ जुलै १८८६; मृत्यू : निंबाळ, ६ जून १९५७) हे तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक, उपनिषदांचे व मराठी संतवाङ्मयाचे अभ्यासक आणि इंचगिरी संप्रदायातील सत्पुरुष होते. ग्रीक भाषा शिकून प्राचीन ग्रीक तत्त्वचिंतनाचा अभ्यास करणाऱ्या मोजक्या मराठी विद्वानांत त्यांचा समावेश होतो. चांगले जीवन कशाला म्हणावे आणि ते केवळ ज्ञानाने साधते की त्यासाठी साधनाही लागते, हा प्रश्न त्यांच्या लेखनाच्या आणि आयुष्याच्याही मुळाशी होता. आडनावाच्या साम्यामुळे न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांच्याशी त्यांची गल्लत होऊ नये.

बालपण व शिक्षण

रानडे यांचा जन्म पटवर्धनांच्या जमखंडी संस्थानात झाला. हे गाव आता कर्नाटकातील बागलकोट जिल्ह्यात आहे. मराठी आणि कन्नड या दोन्ही भाषा त्यांच्या कानांवर लहानपणापासून पडत होत्या. जमखंडीच्या परशुरामभाऊ हायस्कुलात त्यांचे शालेय शिक्षण झाले. १९०१ मध्ये, वयाच्या पंधराव्या वर्षी, त्यांना उमदी येथील भाऊसाहेब महाराजांकडून नामदीक्षा मिळाली. पुढील वर्षी ते मॅट्रिक झाले आणि संस्कृतासाठीची जगन्नाथ शंकरशेठ शिष्यवृत्ती त्यांनी मिळविली.

उच्च शिक्षणासाठी ते पुण्याच्या डेक्कन कॉलेजात आले. पदवीनंतर त्यांना दीर्घ आजाराने ग्रासले आणि शिक्षणात खंड पडला. या काळात नामस्मरणावरील त्यांची निष्ठा दृढ झाली. १९१४ मध्ये ते तत्त्वज्ञान विषय घेऊन एम. ए. झाले. त्याच वर्षी भाऊसाहेब महाराजांचे निधन झाले. गुरूंकडून मिळालेली साधना आणि विद्यापीठातून मिळालेली चिकित्सक दृष्टी या दोन्ही गोष्टी त्यांनी अखेरपर्यंत सोडल्या नाहीत. अनुभवाला बुद्धीचा आधार मिळावा, यासाठी ते तत्त्वज्ञानाकडे वळले.

ग्रीक तत्त्वज्ञानाचा अभ्यास

रानडे यांनी पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात आणि काही काळ सांगलीच्या विलिंग्डन कॉलेजात अध्यापन केले. पुण्यातील वर्षांत त्यांनी ग्रीक तत्त्वज्ञानाचा कसून अभ्यास केला. हेराक्लायटस, पार्मेनिडीझचा एलियाई पंथ व त्यावरील ॲरिस्टॉटलची टीका, तसेच ग्रीक आणि संस्कृत भाषांची तुलना हे त्यांच्या निबंधांचे विषय होते.

नीतीच्या प्रश्नावर ग्रीक विचारवंतांची उत्तरे एकसारखी नाहीत. सॉक्रेटिस (इ. स. पू. ४६९ – ३९९) याच्या मते सद्गुण हे ज्ञानच होय, चांगले काय हे ज्याला खऱ्या अर्थाने कळले, तो जाणूनबुजून वाईट वागणार नाही. प्लेटोने शहाणपण, धैर्य, संयम आणि न्याय असे चार प्रमुख सद्गुण मानले. विवेक, उत्साह आणि वासना हे आत्म्याचे तीन भाग आपापल्या जागी राहून सुसंवादाने वागले की माणूस न्यायी होतो, असे त्याचे प्रतिपादन होते. ॲरिस्टॉटलने मात्र नुसते जाणणे पुरेसे मानले नाही. वीणा वाजवूनच वीणावादक होता येते, त्याचप्रमाणे न्यायाची कृत्ये करूनच माणूस न्यायी होतो, असे तो मानी. उधळेपणा आणि कंजूषपणा या दोन टोकांमधील औदार्य हे त्याच्या मध्यममार्गाचे परिचित उदाहरण आहे. सद्गुणांनुसार जगलेल्या सबंध आयुष्याला तो कल्याण म्हणतो, आणि चिंतनमग्न जीवनाला त्यात सर्वांत वरचे स्थान देतो.

उपनिषदांवरील ग्रंथ

'ए कन्स्ट्रक्टिव्ह सर्व्हे ऑफ उपनिषदिक फिलॉसॉफी' (१९२६) हा रानडे यांचा सर्वांत गाजलेला इंग्रजी ग्रंथ होय. उपनिषदांतील जल, वायू, अग्नी या आदितत्त्वांच्या कल्पनांची त्यांनी ग्रीक विचारवंतांच्या मतांशी तुलना केली आहे. ग्रंथातील एक स्वतंत्र प्रकरण नीतिविचाराला दिलेले आहे. सुखाचा त्याग, संन्यास, निवृत्ती, कर्मप्रवणता, कल्याण आणि आनंद अशा निरनिराळ्या नैतिक आदर्शांचा परामर्श घेऊन ते आत्मसाक्षात्काराच्या आदर्शापर्यंत येतात.

अशा तुलनेला भरपूर वाव होता. कठोपनिषदात यम नचिकेत्याला श्रेय आणि प्रेय यांतील भेद सांगतो. ग्रीक परंपरेत झेनोफनने सांगितलेल्या कथेत तरुण हेराक्लीझसमोर सुख आणि सद्गुण या दोन स्त्रिया उभ्या राहतात व त्याला एकीची निवड करावी लागते. शरीररूपी रथाचे कठोपनिषदातील रूपक आणि प्लेटोच्या 'फीड्रस' या संवादातील आत्म्याचा रथ यांतही असेच साम्य दिसते.

अलाहाबाद

१९२७ मध्ये सर गंगानाथ झा यांच्या निमंत्रणावरून रानडे अलाहाबाद विद्यापीठात तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक म्हणून गेले. तेथे ते विभागप्रमुख झाले, काही काळ कुलगुरुपदही त्यांनी सांभाळले आणि १९४६ मध्ये निवृत्त झाले. राधाकृष्णन व म्यूरहेड यांनी संपादित केलेल्या समकालीन भारतीय तत्त्वज्ञानावरील ग्रंथात (१९३६) त्यांनी आपल्या विचारांच्या जडणघडणीविषयी लेख लिहिला. सुट्टीत ते निंबाळला येत आणि साधकांसमवेत राहत.

मराठी संतांचा अभ्यास

'मिस्टिसिझम इन महाराष्ट्र' (१९३३) या ग्रंथात रानडे यांनी मराठी संतांची मांडणी अनुभवाच्या प्रकारांनुसार केली. ज्ञानेश्वरांचा ज्ञानप्रधान, नामदेव व त्यांच्या समकालीनांचा लोकसन्मुख, एकनाथांचा समन्वयात्मक, तुकारामांचा व्यक्तिनिष्ठ आणि रामदासांचा कर्मप्रधान असे हे पाच प्रकार आहेत. नामदेवांच्या मांदियाळीत गोरा कुंभार, चोखामेळा आणि परभणी जिल्ह्यातील गंगाखेडच्या जनाबाई यांचा परामर्श घेतलेला आहे.

ग्रंथाच्या प्रस्तावनेतील नीतिविषयक विवेचन विशेष महत्त्वाचे आहे. साक्षात्काराचा दावा आचरणाच्या कसोटीवर उतरला पाहिजे, अशी रानडे यांची भूमिका होती. अनुभव खरा असेल तर त्यातून सदाचार निपजतो, असे ते मानत. या ग्रंथात संतांचा अनुभव मुख्य आणि त्यांचा सामाजिक काळ दुय्यम आहे. त्यामुळे जातिव्यवस्था किंवा तत्कालीन समाजजीवन यांच्या अभ्यासकाला अन्य साधनांचाही आधार घ्यावा लागतो.

निंबाळ येथील जीवन

निंबाळ हे सोलापूर–विजापूर लोहमार्गावरील छोटे गाव. १९२० नंतरच्या दशकात रानडे येथे राहू लागले आणि निवृत्तीनंतर येथेच स्थिरावले. अल्प आहार, नेमाने ध्यान, भजन आणि संतवचनांचे वाचन असा त्यांचा दिनक्रम असे. मराठी आणि कन्नड भाषक साधक तेथे एकत्र येत. सद्गुण सवयीने अंगी बाणतात हा ॲरिस्टॉटलचा विचार आणि नित्य नामस्मरणावरील संप्रदायाचा भर यांत अभ्यासाचे महत्त्व समान आहे. मात्र ॲरिस्टॉटलचा सद्गुणी माणूस नगरराज्याचा नागरिक होता, तर रानडे यांच्या साधकाचे अंतिम ध्येय ईश्वरसाक्षात्कार हे होते. ६ जून १९५७ रोजी निंबाळ येथे त्यांचे निधन झाले.

इतर ग्रंथ

ज्ञानेश्वर वचनामृत, संतवचनामृत, तुकाराम वचनामृत, रामदास वचनामृत आणि एकनाथ वचनामृत हे त्यांनी संपादिलेले मराठी वेचे होत. हिंदी संतकाव्यावरील 'पाथवे टू गॉड इन हिंदी लिटरेचर' हा ग्रंथ १९५४ मध्ये प्रसिद्ध झाला. कन्नड संतवाङ्मयावरील आणि भगवद्गीतेवरील ग्रंथ त्यांच्या मृत्यूनंतर प्रकाशित झाले.

वारसा

त्यांचे शिष्य आणि मराठी वाङ्मयाचे अभ्यासक शं. गो. तुळपुळे यांनी त्यांचे मराठी चरित्र लिहिले. बेळगाव येथील 'अकॅडमी ऑफ कम्पॅरेटिव्ह फिलॉसॉफी अँड रिलिजन' ही संस्था रानडे यांच्या प्रेरणेतून उभी राहिली. निंबाळचा आश्रम हे त्यांच्या अनुयायांचे श्रद्धास्थान आहे.