मानाचे पान : गायनाचार्य पं. विष्णु दिगंबर पलुस्कर

गणराय हा चौदा विद्या आणि चौसष्ट कलांचा अधिपती. त्याच्या उत्सवात भजन, भावगीत, नाट्यगीत, मुलांचे नाच यांवाचून एकही संध्याकाळ जात नाही. तापीकाठी येऊन आम्हा मराठी कुटुंबांच्या तीन-चार पिढ्या झाल्या. इथे घरे झाली, धंदे-नोकऱ्या झाल्या, गुजराती जिभेवर बसली. पण घरातली पेटी आणि तबल्याची जोडी काही हलली नाही. आज आमच्यातली मुलगी पाठीला वही-पाण्याची पिशवी लावून संध्याकाळी गाण्याच्या क्लासला निघाली, तर शेजारीपाजारी कौतुकच करतात. सव्वाशे वर्षांपूर्वी मात्र चांगल्या घरातल्या मुलाने गाणे शिकायचे म्हटले की आईवडिलांच्या कपाळाला आठ्या पडत. हा बदल घडवण्यात ज्यांचा फार मोठा वाटा आहे, त्या पं. विष्णु दिगंबर पलुस्कर यांचे चरित्र यंदाच्या स्मरणिकेत आम्ही सादर करीत आहोत. त्यांची पुण्यतिथी २१ ऑगस्टला, म्हणजे बहुधा गणपतीच्या तयारीच्या दिवसांतच येते.

कुरुंदवाड ते मिरज

विष्णुबुवांचा जन्म १८ ऑगस्ट १८७२ रोजी कुरुंदवाड येथे झाला. घराण्याचे मूळ आडनाव गाडगीळ. पलूस गावावरून पलुस्कर झाले. वडील दिगंबरबुवा हे कीर्तनकार. कुरुंदवाड हे पटवर्धनांचे संस्थान, जवळच नरसोबाची वाडी, आणि कृष्णा-पंचगंगेचा संगम. कीर्तनाच्या मागे झांज धरून उभे राहता राहता मुलाच्या कानावर सूर पडत गेले. शाळेत हुशार होता. शिकून सरकारी नोकरीत लागेल अशी घरच्यांची अपेक्षा असणार. पण लहानपणी उत्सवातल्या दारूकामाने घात केला. फटाका चेहऱ्याजवळ उडाला आणि डोळ्यांना कायमची इजा झाली. वाचन जवळजवळ थांबले आणि शाळेची वाट बंद झाली.

उपचारासाठी त्यांना मिरजेला नेले. दृष्टी पुरती परत आली नाही, पण गळा चांगला आहे, याला गाणे शिकवा, असा सल्ला तिथे मिळाला. मिरज संस्थानात त्या वेळी बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर होते. ग्वाल्हेरची गायकी कष्टाने शिकून ती महाराष्ट्रात आणणारे हे थोर गवई. संस्थानिकांच्या आश्रयाने विष्णुबुवा त्यांच्याकडे राहिले आणि १८९६ पर्यंत कडक शिस्तीत शिकले. पहाटेपासून रियाज आणि जोडीला गुरूघरची सगळी कामे, असे ते दिवस होते.

मिरजेतला प्रसंग

त्यांच्या आयुष्याला वळण देणारा म्हणून एक प्रसंग सर्व चरित्रकार सांगतात. मिरजेत एक सार्वजनिक समारंभ होता. संस्थानिकांच्या मर्जीतला म्हणून तरुण विष्णुबुवांना निमंत्रण आले. गुरू बाळकृष्णबुवा आणि इतर गवई यांना मात्र कोणी बोलावले नाही. चौकशी केली तेव्हा उत्तर मिळाले ते असे, की ती गाणारी माणसे, त्यांना कशाला बोलवायचे? ज्या गुरूंच्या गाण्याला दरबार माना डोलावत होता, त्याच गुरूंना चारचौघांच्या बैठकीत पान मांडायला कोणी तयार नव्हते. हे शल्य विष्णुबुवांच्या मनात कायमचे राहिले. गाण्याला मान आहे, पण गाणाऱ्याला नाही. हे बदलायचे असेल तर राजाच्या आश्रयाबाहेर पडून गाणे लोकांत न्यावे लागेल, असे त्यांनी ठरवले. १८९६ मध्ये त्यांनी मिरज सोडली.

गुजरातेतून पंजाबात

या प्रवासाचा पहिला मोठा टप्पा आपल्या गुजरातेतच घडला. सातारा करून ते बडोद्याला आले. बडोद्यात सयाजीराव महाराजांनी १८८६ मध्येच मौलाबक्षांच्या हाताखाली गाण्याची शाळा काढली होती. पण ती दरबारच्या पैशावर चालणारी होती. बडोद्याहून विष्णुबुवा काठेवाडात गेले. तिथे त्यांनी तिकीट लावून जाहीर गाणे केले. शास्त्रीय संगीताची अशी ही पहिलीच बैठक असावी, असे मानले जाते. तिकीट काढील तो आत, मग तो सरदार असो वा दुकानदार. आज आपल्याला यात नवल वाटणार नाही, पण तोवर गाणे ऐकायचे तर देवळात, नाहीतर दरबारात किंवा कोठीवर. गिरनारावर त्यांना एक साधू भेटले आणि त्यांनी उत्तरेकडे जाण्यास सांगितले, अशी आख्यायिका आहे. ग्वाल्हेर, मथुरा, दिल्ली, जालंदर असे करत ते लाहोरला पोहोचले. मथुरेला राहून त्यांनी व्रज भाषा आणि हिंदी पक्की केली, कारण चिजांचे शब्द नीट कळल्याखेरीज त्या शिकवता येणार नाहीत, हे त्यांना ठाऊक होते.

५ मे १९०१ रोजी लाहोरला गांधर्व महाविद्यालय सुरू झाले. मराठी माणसाने, जिथे आपले कोणी नाही अशा पंजाबात, लोकांच्या वर्गणीवर आणि स्वतःच्या जलशांच्या उत्पन्नावर काढलेली ही शाळा. आरंभीचे काही दिवस एकही विद्यार्थी फिरकला नाही. पंडितजी ठरल्या वेळी येऊन तंबोरा लावून बसत आणि वेळ संपली की उठत. हळूहळू शहरातल्या प्रतिष्ठितांचे लक्ष गेले, मुले येऊ लागली, पुढे स्त्रियाही शिकू लागल्या. वर्ग, तास, अभ्यासक्रम, परीक्षा, छापील पुस्तके, स्वतःची स्वरलिपी, हे सारे त्यांनी उभे केले. डोळ्यांनी धड दिसत नसलेल्या माणसाने संगीताची पन्नासावर पुस्तके सिद्ध केली, हे आम्हाला फार मोठे वाटते.

शाळेचा कणा होता तो उपदेशक वर्ग. इथे गरीब पण गुणी मुलांना राहणे-जेवण फुकट. बदल्यात नऊ वर्षे शिकण्याचा करार. या मुलांनी पुढे गावोगावी जाऊन गाणे शिकवायचे आणि त्यावर मानाने पोट भरायचे, अशी ही योजना. नुसते गवई तयार करून त्यांना राजाच्या दाराशी उभे करण्यात त्यांना रस नव्हता. माझे सगळेच विद्यार्थी तानसेन होणार नाहीत, पण चांगले गाणे ओळखणारे कान तरी तयार होतील, अशी त्यांची धारणा होती. ऐकणारा शहाणा झाला तर गाणारा उपाशी राहणार नाही, हा त्यामागचा हिशेब.

भरूचचा मुलगा आणि आश्रमाचे खरेशास्त्री

१९०८ मध्ये मुंबईत महाविद्यालय सुरू झाले आणि आपल्या बाजूची मुले त्यांच्याकडे जाऊ लागली. खंभातजवळच्या जहाज गावी जन्मलेला आणि भरूचला हलाखीत वाढलेला एक मुलगा एका पारशी शेठजींच्या मदतीने मुंबईला पंडितजींकडे आला. तेच पुढचे पं. ओंकारनाथ ठाकूर. अवघ्या विशीच्या आत पंडितजींनी त्यांना लाहोरच्या शाळेचे प्रमुख नेमले. मराठी गुरू, गुजराती शिष्य आणि मध्ये पारशी दाता! सुरतेत राहणाऱ्या आम्हाला याहून जवळची गोष्ट कोणती वाटणार?

दुसरे शिष्य नारायण मोरेश्वर खरे. गांधीजींनी आश्रमासाठी एक संगीतशिक्षक मागितला तेव्हा पंडितजींनी खऱ्यांना पाठवले. आश्रमाच्या प्रार्थना त्यांनी बसवल्या, भजनावली तयार केली. १२ मार्च १९३० रोजी साबरमतीहून जे सत्याग्रही दांडीला निघाले त्यांत तंबोऱ्यासह खरेही होते. १ एप्रिलला ही यात्रा सुरतेत आली आणि ५ तारखेला, तेव्हा सुरत जिल्ह्यातच असलेल्या दांडीला पोहोचली. वाटेवर गावोगाव जी रामधून ऐकू आली, तिची चाल पंडितजींची मानली जाते. म्हणजे आपल्या आजी-आजोबांच्या पिढीने सुरतेच्या रस्त्यावर पंडितजींचेच सूर ऐकले. पुढे १९३८ मध्ये आपल्याच जिल्ह्यात हरिपुऱ्याला काँग्रेसचे अधिवेशन भरायचे होते, त्या सुमारास तिथेच खऱ्यांचा अंत झाला.

स्वतः पंडितजी काँग्रेसच्या अधिवेशनांत वंदे मातरम् गात. १९२३ साली काकिनाड्याला अध्यक्षांनीच गाण्यास हरकत घेतली. पंडितजी थांबले नाहीत, गीत पूर्ण करूनच खाली बसले.

कर्जाचा डोंगर

मुंबईत त्यांनी मोठे स्वप्न पाहिले. सँडहर्स्ट रोडवर महाविद्यालयाची स्वतःची इमारत, वाद्यांचा कारखाना, छापखाना, मासिक, मुलांचे वसतिगृह. या सगळ्याला कर्ज काढले. फी थोडी, उपदेशक वर्गाची तर फीच नाही, देणग्यांचा भरवसा नाही. व्याज भरण्यासाठी पंडितजी देशभर जलसे करत फिरत. पण ते बाहेर असले की शाळेची घडी विस्कटे आणि शाळेत थांबले की व्याज थके. अखेर १९२४ च्या सुमारास इमारत लिलावात गेली. घरातही दुःखच होते. एकामागून एक अपत्ये गेली होती. १९२१ मध्ये जन्मलेला दत्तात्रय तेवढा राहिला. पंडितजी रामभक्तीकडे वळले, नाशिकला रामनाम आधार आश्रमात राहू लागले, रामायणावर प्रवचने करू लागले. २१ ऑगस्ट १९३१ रोजी मिरजेला, जिथून ते रागावून निघाले होते तिथेच, त्यांनी देह ठेवला.

त्यांच्या कामावर टीकाही झाली आणि ती दडवण्याचे कारण नाही. शाळेच्या घंटेबरहुकूम शिकवून मोठा कलावंत घडत नाही, असे जाणकार म्हणत. शृंगारिक शब्द काढून भक्तीचे शब्द घालण्याने चिजांची मूळ गोडी गेली, असेही म्हटले गेले. ज्या मुसलमान उस्तादांनी आणि गाणाऱ्या बायकांनी ही विद्या शतकानुशतके सांभाळली, त्यांना या नव्या सोवळ्या व्यवस्थेत मानाची जागा मिळाली नाही, हा आक्षेपही खरा आहे. मिरजेचे शल्य घेऊन निघालेल्या चळवळीच्या पंगतीतही काही पाने मांडायची राहून गेली.

इमारत गेली, संस्था राहिली

गुरू गेल्यावर शिष्य त्याच वर्षी अहमदाबादेत जमले आणि त्यांनी गांधर्व महाविद्यालय मंडळ स्थापन केले. हे काम एका इमारतीवर, एका माणसाच्या कर्जावर उभे नव्हते. प्रत्येक शिष्याने आपापल्या गावी शाळा चालवायची, आणि अभ्यासक्रम व परीक्षा तेवढ्या सामायिक ठेवायच्या. विनायकराव पटवर्धनांनी १९३२ मध्ये पुण्याला शाळा काढली, देवधर मास्तर मुंबईत शिकवत होतेच. नारायणराव व्यास, शंकरराव व्यास, ओंकारनाथजी, प्रत्येकाने आपला वाटा उचलला. गुरूच्या दहा वर्षांच्या मुलाला, दत्तात्रयाला, शिष्यांनीच तयार केले. तेच मधुर गळ्याचे डी. व्ही. पलुस्कर. आज आपली मुले प्रारंभिक, प्रवेशिका, मध्यमा, विशारद अशा ज्या परीक्षा देतात, त्या याच मंडळाच्या.

आम्हाला या चरित्रातून एक गोष्ट घ्यावीशी वाटते. कलावंताला सांभाळणे म्हणजे फार मोठे काही बांधणे नव्हे. आपल्या उत्सवात साथीला बसणारा तबलजी आणि पेटीवाला बहुधा आपल्याच वस्तीतला असतो. घरचाच माणूस म्हणून आपण त्याला नारळ आणि शाल देतो. बाहेरगावच्या कलाकाराला मात्र ठरलेली बिदागी आणि मंडप-स्पीकरवाल्याला रोख पैसे. पत्रिकेत गायकाचे नाव ठळक, साथीदार मात्र इतर कलाकारांत. मिरजेची गोष्ट वाचून हळहळणाऱ्या आम्ही हे मनाला विचारले पाहिजे. वर्गणीतला एक ठरावीक भाग स्थानिक कलाकारांच्या मानधनासाठी आधीच बाजूला काढावा. साथीदारांची नावे गायकाच्या नावाइतक्याच अक्षरांत छापावीत. परीक्षेची फी जड जाणाऱ्या दोन-चार मुलांचा भार मंडळाने उचलावा. आणि महाप्रसादाच्या पंगतीत गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांना आपल्या शेजारी बसवून वाढावे. यातले काहीही आपल्या ऐपतीबाहेरचे नाही.

पंडितजींच्या स्मृतीस आमचे विनम्र अभिवादन. गणपती बाप्पा मोरया!