एर्नेस्तो स्कियापरेली

एर्नेस्तो स्कियापरेली (१२ जुलै, १८५६ - १४ फेब्रुवारी, १९२८) हे इटालियन इजिप्तविद्यातज्ज्ञ आणि तुरिन येथील इजिप्शियन संग्रहालयाचे संचालक होते. १९०४ मध्ये त्यांनी राणी नेफर्तारीची कबर शोधली. मात्र प्राचीन इजिप्तमधील दैनंदिन जीवनाच्या अभ्यासात त्यांचे नाव अधिक घेतले जाते ते खा या अधिकाऱ्याच्या कबरीमुळे.

स्कियापरेली यांचा जन्म उत्तर इटलीतील ओक्येप्पो इन्फेरियोरे या गावी झाला. तुरिनमधील शिक्षणानंतर त्यांनी पॅरिसमध्ये गास्तों मास्पेरो यांच्याकडे अध्ययन केले. पुढे फ्लॉरेन्स येथे काम करून १८९४ मध्ये ते तुरिनच्या संग्रहालयाचे संचालक झाले. तेथील संग्रह मोठा असला, तरी बऱ्याचशा वस्तू विकत घेतलेल्या असल्याने त्यांच्या मूळ स्थानाची खात्रीशीर माहिती नव्हती. ही उणीव दूर करण्यासाठी त्यांनी १९०३ पासून इजिप्तमध्ये उत्खननास प्रारंभ केला.

खा हा देर अल्-मदिना या कारागिरांच्या वस्तीत राहणारा, राजसमाधींच्या बांधकामावरील प्रमुख होता. त्याने दुसरा अमेनहोटेप, चौथा थुटमोस आणि तिसरा अमेनहोटेप या तीन राजांच्या काळात सेवा केली. त्याचे चित्रित प्रार्थनागृह पूर्वीपासून ज्ञात होते, पण दफनकक्ष प्रथेप्रमाणे त्याच्याखाली नसून समोरच्या कड्यात खोदलेला होता. बहुधा त्यामुळेच तो चोरांच्या नजरेतून सुटला. फेब्रुवारी १९०६ मध्ये स्कियापरेली यांच्या मजुरांना त्याची वाट सापडली. इजिप्त सरकारचे निरीक्षक आर्थर वायगॉल या वेळी उपस्थित होते. लाकडी दारामागे खा आणि त्याची पत्नी मेरित यांच्या शवपेट्या, पलंग, कपडे, पाव, मेरितचा केसांचा टोप आणि सुमारे १४ मीटर लांबीची मृतांच्या ग्रंथाची गुंडाळी, असा संसार जसाच्या तसा होता.

कबर अवघ्या तीन दिवसांत रिकामी करण्यात आली. छायाचित्रे थोडीच घेतली गेली. प्रत्येक वस्तूच्या जागेची तपशीलवार नोंदही झाली नाही. वस्तूंचे मूळ स्थान कळावे म्हणून हाती घेतलेल्या मोहिमेतील ही त्रुटी विशेष जाणवते. काही मोजक्या वस्तू वगळता सर्व संग्रह तुरिनला गेला. त्यावरील स्कियापरेली यांचा ग्रंथ शोधानंतर २१ वर्षांनी, १९२७ मध्ये प्रकाशित झाला. आजही या कबरीच्या मूळ स्थितीसाठी अभ्यासकांना मुख्यतः त्यावरच विसंबावे लागते. दोन्ही ममींची वस्त्रे मात्र त्यांनी उलगडली नाहीत. त्यामुळे पुढे क्ष-किरण तपासणीत खाच्या गळ्यातील सुवर्णहार मूळ जागी दिसून आला.

ग्रंथ प्रसिद्ध झाल्याच्या पुढच्याच वर्षी तुरिन येथे स्कियापरेली यांचे निधन झाले.