यॉर्कच्या बंद दाराआड

मानसिक उपचारांखाली असताना माणूस दगावला तर त्याचा जाब कोणी, कोणाला विचारावयाचा? इंग्लंडमधील एसेक्स परगण्यात २००० ते २०२३ या काळात झालेल्या अशा मृत्यूंबाबत हाच प्रश्न उभा राहिला. २०२१ साली जाहीर झालेल्या चौकशीस साक्षीदारांना हजर करविण्याचा अधिकार नव्हता आणि फारच थोडे कर्मचारी पुढे आले. मृतांच्या कुटुंबीयांनी मागणी लावून धरली, तेव्हा २०२३ मध्ये तिला कायद्याचे बळ मिळाले. विल्यम ट्यूक यांचे चरित्र ज्यांनी वाचले असेल, त्यांना हा झगडा अपरिचित वाटणार नाही.

१७३२ साली यॉर्क येथे जन्मलेले ट्यूक हे चहाचे व्यापारी आणि क्वेकर पंथाचे अनुयायी. वैद्यकाशी त्यांचा काडीचाही संबंध नव्हता. १७९० च्या मार्चमध्ये हॅना मिल्स ही लीड्सची क्वेकर विधवा यॉर्कच्या वेड्यांच्या इस्पितळात दाखल झाली. नातलग दूर असल्याने त्यांनी यॉर्कमधील पंथबांधवांना तिची विचारपूस करण्यास विनविले. पण त्यांना भेट नाकारण्यात आली. सुमारे सहा आठवड्यांत ती मरण पावली. भिंतीआड काय घडले, हे बाहेर कोणास कळले नाही.

ट्यूक यांनी भांडण मांडले नाही. वेगळे घर बांधले. १७९६ साली उघडलेल्या या ‘रिट्रीट’मध्ये साखळदंड वर्ज्य होते. आवर घालण्याची साधने तेथे अजिबात नव्हती असे नव्हे. परंतु भर होता तो बाग, काम आणि माणुसकीच्या वागणुकीवर. युरोप-अमेरिकेत त्याची कीर्ती झाली. मात्र त्याच शहरातील जुन्या इस्पितळाचे दार त्यामुळे तसूभरही किलकिले झाले नाही. उत्तम उदाहरण घालून दिले की वाईट आपोआप ओशाळते, ही सज्जनांची समजूत येथे तोकडी पडली.

ट्यूक यांचे नातू सॅम्युअल यांनी १८१३ मध्ये रिट्रीटवर पुस्तक प्रसिद्ध केले. जुन्या इस्पितळाचे डॉक्टर बेस्ट यांना ते झोंबले आणि वर्तमानपत्रांतून वाद पेटला. त्याच वर्षी गॉडफ्रे हिगिन्स या मॅजिस्ट्रेटने एका रुग्णाच्या छळाची तक्रार हाती घेतली. वीस पौंड देणगी देणाऱ्यास तेथे विश्वस्त होता येई. हिगिन्स, सॅम्युअल ट्यूक आणि इतर अनेकांनी ती रक्कम भरून सरळ आत प्रवेश मिळविला! डिसेंबरअखेर इस्पितळास आग लागून चार रुग्ण दगावले. पुढील मार्चमध्ये हिगिन्स यांना दडवून ठेवलेल्या चार कोठड्या सापडल्या. जेमतेम आठ फूट लांबीरुंदीच्या त्या घाणेरड्या खोल्यांत तेरा स्त्रिया रात्र काढीत. मग दफ्तरे तपासली गेली. इस्पितळाच्या अहवालांत मृत्यू होते २२१; प्रत्यक्षात मेले होते ३६५. म्हणजे १४४ माणसे कागदोपत्री मेलीच नव्हती. मृत्यूंची मोजदाद संस्थाचालकांच्याच हाती राहिली, तर याहून वेगळे काय व्हावे?

१८१५ मध्ये पार्लमेंटच्या कॉमन्स सभागृहाने चौकशी समिती नेमली. तिच्यापुढे साक्ष देण्यास ट्यूक वयाच्या त्र्याऐंशीव्या वर्षी उभे राहिले. हॅना मिल्सच्या मृत्यूस तेव्हा पंचवीस वर्षे झाली होती. उतारवयात ट्यूक यांची दृष्टी गेली आणि १८२२ च्या डिसेंबरात ते निवर्तले. देशातील अशा इस्पितळांवर देखरेख ठेवणारे कायमचे आयुक्तमंडळ कायद्याने स्थापन होण्यास १८४५ साल उजाडावे लागले.