लहान चणीचा पैलवान : खाशाबा जाधव

मेढ्याची वेण्णा माहुलीला कृष्णेत मिळते आणि ती कृष्णा पुढे कराडला जाते. त्या कराडजवळच्या गोळेश्वरात १५ जानेवारी १९२६ रोजी खाशाबा दादासाहेब जाधव जन्मले. स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक ऑलिम्पिक पदक त्यांचे, हे आपल्याला शाळेत सांगतात. ते कसल्या शरीराने मिळवले, हे मात्र सांगत नाहीत.

वडील स्वतः पैलवान. पाच भावांत खाशाबा धाकटे आणि चणीने लहान. पैलवान म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे येतो दूध-तूप-बदामावर पोसलेला, रुंद छातीचा गडी. जत्रेच्या फडात वजनगट नसायचे, जोड नजरेने लावायची. आणि खुराक म्हणजे पैसा. ज्याच्या घरी भाकरीचीच ओढाताण, त्याने ते अंग आणायचे कुठून? तालमीतला हा भेदभाव जातीइतकाच जुना असावा, पण त्यावर आपण क्वचितच बोलतो.

खाशाबांची कुस्ती वजनावर नव्हे, चपळाईवर उभी होती. ढाक हा त्यांचा हुकमी डाव. समोरच्याच्या मानेला विळखा घालायचा, त्याचा तोल मोडायचा आणि त्याला खाली आणायचे. यात ताकदीपेक्षा वेळ साधणे मोठे. बुटक्या माणसाला समोरच्याच्या खाली शिरणेही सोपे जाते. मेढ्यात कुस्ती, कराटे किंवा लाठी शिकणाऱ्या आपल्या मुलामुलींनी हे ध्यानात घ्यावे. उंच, सडपातळ मुलीला लांबून लाथ मारणे जमेल, ठेंगण्या मुलाने अंतर तोडून जवळ जावे. सगळ्यांकडून एकच डाव घोटून घेणारा वस्ताद निम्मी मुले घरी पाठवतो, असे आम्हाला वाटते.

१९४८ साली कोल्हापूरच्या महाराजांनी खर्च उचलला आणि खाशाबा लंडनला गेले. मातीत वाढलेल्या पायांना गादी नवी, नियमही नवे. अमेरिकेचे रीस गार्डनर यांनी तिथे त्यांना शिकवले. ५२ किलो गटात ते सहावे आले.

पुढची चार वर्षे त्यांनी गादीच्या कुस्तीसाठी दिली. हेलसिंकीला जाण्यासाठी पैसे नव्हते, तेव्हा राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचे घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले. या वेळी खाशाबा ५७ किलो गटात उतरले. कॅनडा, मेक्सिको आणि जर्मनीचे मल्ल त्यांनी हरवले. जपानचा इशी आणि सोव्हिएत संघाचा ममादबेयोव यांच्याकडून ते हरले, पण कांस्यपदक हाती आले. कराडात बैलगाड्यांची मिरवणूक निघाली.

त्यानंतरचे आयुष्य कमी उत्सवाचे. १९५५ मध्ये मुंबई पोलिसांत सब-इन्स्पेक्टर झाले, बढतीसाठी वर्षानुवर्षे थांबले, निवृत्तीनंतर पेन्शनसाठी झगडले. १४ ऑगस्ट १९८४ रोजी रस्ता अपघातात ते गेले. अर्जुन पुरस्कार मिळाला तो मरणोत्तर.