पंडिता रमाबाईंची शिदोरी

कृष्णा नदी जेथे उगम पावते त्या महाबळेश्वराच्या डोंगरापासून खाली नदीकाठच्या गावांपर्यंत आमच्या लहान लहान मंडळ्या पसरल्या आहेत. कोणी पायलीभर जोंधळे, कोणी चार अंडी देवाच्या कार्यासाठी आणून ठेवितो. एवढ्याशा दानाने काय होणार, असे ज्यांस वाटते त्यांच्यासाठी आम्ही पंडिता रमाबाईंचे चरित्र सांगतो. परदेशगमनास लागणारा पैसा त्यांनी कसा मिळविला, हेच त्यात मुख्यतः पाहावयाचे आहे.

रमाबाई १८५८ साली जन्मल्या. वडील अनंतशास्त्री डोंगरे ह्यांनी लोकनिंदा सोसून पत्नीस संस्कृत शिकविले, आणि आईने ती विद्या मुलीस दिली. पुढे दुष्काळात आईबाप गेले. भावाबरोबर पायी फिरत, पुराणे सांगत त्या कलकत्त्यास पोहोचल्या. तेथील विद्वानांनी त्यांस पंडिता ही पदवी दिली. १८८० साली भाऊ वारला व १८८२ साली पतीही वारले. कडेवर मनोरमा नावाची तान्ही मुलगी घेऊन त्या पुण्यास आल्या.

विलायतेस जाऊन वैद्यकी शिकावी व आपल्या भगिनींच्या उपयोगी पडावे, असे त्यांच्या मनाने घेतले. पण जवळ पैसा नव्हता. होती ती विद्या. त्यांनी स्त्रीधर्मनीति हे पुस्तक लिहिले, आणि त्याच्या विक्रीतून आलेल्या पैशावर १८८३ साली प्रवासास निघाल्या.

इंग्लंडात वाँटेज येथील ख्रिस्ती भगिनींनी त्यांस आश्रय दिला. तेथेही रमाबाई फुकट राहिल्या नाहीत. हिंदुस्थानात सेवेस येणाऱ्या भगिनींस त्या मराठी शिकवीत व त्यांजकडून इंग्रजी शिकत. त्याच वर्षी त्यांचा बाप्तिस्मा झाला आणि स्वदेशात टीकेचा भडिमार झाला. अन्नासाठी बाटला, हा टोमणा आमच्या वाचकांपैकी पुष्कळांनी ऐकला असेल. रमाबाईंचे उत्तर त्यांच्या श्रमातच होते. ऐकू कमी येत असल्यामुळे वैद्यकीचा बेत सोडावा लागला, तरी खचून न जाता त्या चेल्टनहॅमच्या स्त्रियांच्या कॉलेजात विद्याभ्यास करीत संस्कृत शिकवू लागल्या.

१८८६ साली आनंदीबाई जोशी ह्यांच्या पदवीदानसमारंभासाठी त्या अमेरिकेस गेल्या. लहान मुलांस शिकविण्याची बालोद्यान पद्धति त्यांनी तेथे अभ्यासिली, आणि उच्चवर्णीय विधवांची स्थिति सांगणारे इंग्रजी पुस्तक १८८७ साली प्रसिद्ध केले. त्याच्या हजारो प्रती खपल्या. गावोगाव व्याख्याने देऊन त्यांनी विधवांच्या शाळेसाठी मदत मागितली. त्याच वर्षाच्या डिसेंबरात बॉस्टन येथे रमाबाई असोसिएशन स्थापन झाले. त्याच्या शाखा ठिकठिकाणी निघाल्या, आणि वर्षास निदान एक डॉलर, तोही दहा वर्षे, देण्याचे वचन सभासदांनी दिले. थोरामोठ्यांच्या थैलीवर नव्हे, तर पुष्कळांच्या लहान वर्गणीवर हे काम उभे राहिले.

११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदासदन उघडले. गोदूबाई ही पहिली विधवा विद्यार्थिनी होय; त्याच पुढे आनंदीबाई कर्वे झाल्या. कोणावरही धर्माची सक्ती करावयाची नाही, ह्या अटीवर वर्गणी मिळाली होती. रमाबाई आपली प्रार्थना उघड्या दाराने करीत आणि काही मुली आपण होऊन तेथे येऊन बसत. सदन तोवर पुण्यास आले होते. १८९३ साली ह्यावरून वादळ उठले व कित्येक मुलींस पालकांनी काढून नेले. बाईंनी सक्ती केली नाही, आणि दारही लाविले नाही. बॉस्टनच्या मंडळीनेही हात आखडला नाही.

दहा वर्षांची मुदत भरली तेव्हा १८९८ साली रमाबाई पुन्हा अमेरिकेस गेल्या. ज्यांनी पैसा दिला त्यांच्यासमोर उभे राहून त्यांनी कामाचा वृत्तांत सांगितला, आणि मदत पुढे चालू राहिली. दुष्काळातील शेकडो मुली तेव्हा केडगावच्या मुक्तीसदनात आल्या होत्या. तेथेच ५ एप्रिल १९२२ रोजी त्या प्रभूमध्ये निजल्या.

प्रिय वाचकहो, प्रथम आपले श्रम घालावे, मग मागावे, आणि घेतलेल्याचा हिशेब द्यावा, ही रमाबाईंची रीति. मंडळीच्या शिक्षकांनी जोंधळ्याच्या प्रत्येक पायलीची नोंद ठेवावी, आणि देणाऱ्याने पायली लहान म्हणून लाजू नये. मंदिरातील भांडारात दोन टोल्या टाकणारीही एक विधवाच होती.